जुन्या इमारतींची तपासणी लेझर स्कॅनरने कशी करावी : नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जुन्या इमारतीच्या तपासणीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. स्लॅबला मधोमध बाक आलेला दिसतो, एखादा कॉलम ओळंब्यात नाही असे वाटते, बाहेरच्या भिंतीला फुगवटा जाणवतो. पण हे बांधतानाच तसे झाले होते, की गेल्या काही वर्षांत झाले, आणि ते अजूनही वाढत आहे का, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ओळंबा, पाणसळ आणि टेप घेऊन मोजायला बसले तर दिवसभरात काही डझन मापे हाती येतात. लेझर स्कॅनर तेवढ्याच वेळात इमारतीच्या पृष्ठभागावरची कोट्यवधी मापे गोळा करतो आणि ती सगळी एकाच त्रिमितीय चौकटीत बसवता येतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. स्कॅनर इमारतीचा आकार मोजतो, ताकद मोजत नाही. शिवाय एकदाच केलेला स्कॅन फक्त आजची स्थिती सांगतो. बदल कळायचा असेल तर तुलना करता येईल असा दुसरा स्कॅन लागतो, आणि दोन स्कॅनची तुलना विश्वासाने करता येईल की नाही हे बरेचसे पहिल्या स्कॅनच्या दिवशीच ठरून जाते. म्हणून पुढील सूचनांचा बराचसा भाग त्या पहिल्या दिवसाच्या तयारीबद्दल आहे.

आत शिरण्याआधी

काही लक्षणे दिसली तर स्कॅनिंगचा विचारच करू नये. कॉलमचे काँक्रीट फुटून आतल्या सळया बाहेरच्या बाजूला वाकलेल्या असणे, भेगा काही तासांत किंवा दिवसांत रुंदावत जाणे, एकाच मजल्यावरची अनेक दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, तडतडण्याचा आवाज येणे किंवा काँक्रीटचे ताजे ढलपे पडत राहणे, यांपैकी काहीही आढळल्यास इमारत रिकामी करावी आणि संरचना अभियंत्याला व स्थानिक प्रशासनाला तत्काळ कळवावे. मापे नंतर घेता येतात.

तसे काही नसेल तर यंत्र पेटीतून बाहेर काढण्यापूर्वी इमारतीची माहिती गोळा करावी. मूळ नकाशे, आजवरच्या दुरुस्त्या, कोठे भिंत काढली किंवा नवी बांधली, गच्चीवर टाक्या वाढवल्या का, शेजारी खोल खोदकाम झाले का, गळती कोणत्या बाजूला आहे, हे सर्व विचारून लिहून घ्यावे. मग प्रत्येक मजल्यावर फिरून संशयाच्या जागा नकाशावर खुणवाव्यात. हे झाल्यावरच प्रश्न नेमका मांडता येतो: आपल्याला इमारतीचा एकूण कल हवा आहे, स्लॅबचा बाक हवा आहे, भिंतीचा फुगवटा हवा आहे, की पायाचे खचणे? प्रत्येकासाठी लागणारी अचूकता वेगळी असते, आणि काही प्रश्नांना स्कॅनर हे योग्य उत्तरच नसते. उदाहरणार्थ, पाया किती खचतो आहे हे मिलिमीटरच्याही अंशापर्यंत पाहायचे असेल तर भिंतीत बसवलेल्या खुंट्यांवर केलेले अचूक लेव्हलिंग (बिंदूंच्या उंचीतील फरक मोजणे) आजही स्कॅनरपेक्षा भरवशाचे आहे.

यंत्र नेमके काय मोजते

स्कॅनर लेझरचा किरण सोडतो, तो पृष्ठभागावर आदळून परत येतो आणि त्यावरून अंतर काढले जाते. आरसा व यंत्राचा माथा फिरत राहिल्यामुळे किरण सर्व दिशांना जातो, आणि प्रत्येक परतीच्या किरणासोबत दोन कोनही नोंदले जातात. अंतर आणि दोन कोन मिळाले की अवकाशातला एक बिंदू निश्चित होतो; अशा बिंदूंच्या समूहाला पॉइंट क्लाउड म्हणतात. काही यंत्रे किरणाला जाऊन यायला लागलेला वेळ मोजतात, तर काही यंत्रे सोडलेल्या आणि परत आलेल्या लहरींमधील कलेचा (फेजचा) फरक मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. किरण जाऊन येतो हे लक्षात घेतले तर १ मिलिमीटर अंतर ओळखण्यासाठी सुमारे ६.७ पिकोसेकंद इतका सूक्ष्म काळ ओळखावा लागतो. यंत्राच्या अंतरमापनाला काही मिलिमीटरची मर्यादा का असते, हे यावरून समजते.

इमारतीच्या सुरक्षिततेसाठी तिवईवर स्थिर ठेवायचा स्कॅनरच वापरावा. चांगल्या यंत्राची अचूकता १० ते ५० मीटर अंतरावर साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. हातात धरून चालत फिरवायचे स्कॅनर काम झटपट उरकतात आणि नकाशे तयार करण्यासाठी उत्तम असतात, पण त्यांच्या मापात सहसा १ ते ३ सेंटीमीटरची चूक राहते. स्लॅबचा बाक २० मिलिमीटर आहे की १० हे ठरवताना असे माप निरुपयोगी ठरते. काम लवकर होते म्हणून हा पर्याय पुढे केला जातो तेव्हा तो स्पष्टपणे नाकारावा, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक मर्यादा किरणाच्या जाडीची. किरण भिंतीवर पडतो तेव्हा त्याचा ठिपका काही मिलिमीटर व्यासाचा असतो आणि अंतर वाढेल तसा तो मोठा होतो. त्यामुळे ०.३ मिलिमीटरची केसासारखी भेग स्कॅनमधून मोजता येते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. भेगांसाठी भेगमापक पट्टी, जवळून काढलेली स्पष्ट छायाचित्रे आणि भेगेवर चिकटवलेले टेल-टेल (भेग रुंदावते का हे दाखवणारी खूणपट्टी) हीच साधने वापरावीत. स्कॅनचा उपयोग त्या भेगा इमारतीत नेमक्या कोठे आहेत हे दाखवण्यासाठी आणि त्यांच्या आजूबाजूचा आकार बदलला आहे का हे पाहण्यासाठी होतो.

संदर्भबिंदू : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन करून फरक पाहायचा तर दोन्ही स्कॅन एकाच चौकटीत बसले पाहिजेत. ती चौकट तपासायच्या इमारतीवर आधारलेली असून चालत नाही, कारण हलते आहे का हे ज्याच्याबद्दल शोधायचे, त्यालाच स्थिर मानून मोजणे निरर्थक आहे. म्हणून इमारतीपासून पुरेशा अंतरावर, तिच्या पायाचा किंवा चालू खोदकामाचा परिणाम पोहोचणार नाही अशा जमिनीवर कायमचे बिंदू स्थापावेत. काँक्रीटमध्ये रोवलेला धातूचा खिळा किंवा जुन्या, स्थिर झालेल्या बांधकामात बसवलेली खुंटी चालते. असे निदान चार बिंदू असावेत, म्हणजे एखादा हलला किंवा नष्ट झाला तर उरलेल्या तिघांवरून ते ओळखता येते. या बिंदूंचे सहनिर्देशक टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने) काढावेत आणि पुढच्या प्रत्येक फेरीत आधी त्यांची आपसांतली अंतरे पुन्हा तपासावीत.

त्यानंतर इमारतीच्या आत-बाहेर तात्पुरती टार्गेट, म्हणजे निरनिराळे स्कॅन एकमेकांशी जोडण्यासाठीच्या खुणा, लावावीत. काळ्या-पांढऱ्या चौकटीचे छापील टार्गेट किंवा पांढरे गोल, दोन्ही चालतात. प्रत्येक जागेवरून निदान तीन, शक्य असल्यास चार-पाच टार्गेट दिसावीत. ती एका रेषेत नसावीत आणि सगळी एकाच उंचीवरही नसावीत. खोलीच्या एकाच कोपऱ्यात सगळी टार्गेट लावली तर दुसऱ्या टोकाला स्कॅन किंचित फिरलेला राहू शकतो, आणि तो फिरलेला कोन पुढे इमारतीचा कल म्हणून वाचला जातो.

याच वेळी यंत्राचीही परीक्षा घ्यावी. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र चालू मुदतीतले आहे का ते पाहावे, यंत्र सुरू करून थोडा वेळ तापू द्यावे, कल मोजणारा कम्पेन्सेटर चालू असल्याची खात्री करावी आणि टोटल स्टेशनने मोजलेले एखादे ज्ञात अंतर स्कॅन करून पडताळावे. यंत्रावरील पट्टीवर लेझरचा वर्ग लिहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८२५-१ नुसार वर्ग १ मधील लेझर सामान्य वापरात डोळ्यांना सुरक्षित मानला जातो. रहिवाशांच्या घरात काम करताना असेच यंत्र वापरावे.

प्रत्यक्ष स्कॅनिंग

तिवईच्या जागा नकाशावर आधीच आखून घ्याव्यात. आतल्या भागात प्रत्येक खोलीत एक जागा, मोठ्या दालनात ५ ते १० मीटर अंतराने जागा आणि दोन खोल्यांना जोडणाऱ्या दारात एक जागा असा हिशेब साधारणपणे पुरतो. लगतच्या दोन स्कॅनमध्ये निदान एक-तृतीयांश भाग सामायिक असावा. जिने आणि लांब अरुंद मार्गिका यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सगळे मजले एकमेकांशी जोडणारी साखळी बहुधा जिन्यातूनच जाते आणि तेथे झालेली छोटी चूक वरच्या मजल्यापर्यंत वाढत जाते. शक्य असेल तेथे खिडकी किंवा सज्जातून बाहेरचे टार्गेट दिसेल असे पाहावे, म्हणजे प्रत्येक मजला स्वतंत्रपणे बाहेरच्या चौकटीला बांधला जातो.

किरण पृष्ठभागावर जितका तिरका पडेल तितके माप बिघडते. लंबरेषेपासून ६० अंशांपेक्षा अधिक तिरकस असलेले बिंदू शक्यतो विश्लेषणातून वगळावेत. उंच भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून वरचा भाग स्कॅन करणे ही म्हणूनच चुकीची पद्धत आहे. मागे सरकावे किंवा समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून स्कॅन करावा. काच, आरसे, चकचकीत फरशी, गडद काळे व ओले पृष्ठभाग खोटे किंवा विरळ बिंदू देतात. कोपऱ्याच्या कडेवर किरणाचा अर्धा ठिपका कडेवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला तर दोन्हींच्या मधोमध हवेत तरंगणारा बिंदू नोंदला जातो. पावसात बाहेरचे स्कॅनिंग करू नये.

बिंदूंची घनता १० मीटरवर ६ मिलिमीटर एवढी ठेवली तर बहुतेक कामे होतात. संशयाच्या जागी ती ३ मिलिमीटरपर्यंत वाढवावी. सगळीकडे सर्वाधिक घनता ठेवल्याने वेळ आणि फाइलचा आकार वाढतो, अचूकता त्या प्रमाणात वाढत नाही.

स्कॅन करताना एक नोंदवही हवीच. तारीख, वेळ, हवेचे तापमान, ऊन कोणत्या बाजूवर होते, गच्चीवरच्या टाक्या भरलेल्या होत्या की रिकाम्या, कोणत्या खोलीत जड सामान रचले होते, हे सारे लिहावे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी रिकामी असताना केलेला पहिला स्कॅन आणि भरलेली असताना केलेला दुसरा स्कॅन यांत टाकीखालच्या स्लॅबचा बाक वाढल्याचे दिसेल आणि त्याचा अर्थ भलताच लावला जाईल. तापमानाचेही तसेच. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला साधारण एक लाखांशाने प्रसरण पावते, म्हणजे २० मीटर लांबीच्या भिंतीत १५ अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर फरक पडतो. दुसऱ्या फेरीचा स्कॅन शक्यतो त्याच ऋतूत आणि दिवसाच्या त्याच प्रहरी करावा, असे म्हणतात ते यासाठीच.

कामाच्या जागी हेल्मेट घालावे, एकट्याने काम करू नये आणि सैल झालेल्या छज्जाखाली तिवई मांडू नये.

स्कॅनची जुळवणी

निरनिराळ्या जागांवरून घेतलेले स्कॅन एकत्र बसवण्याच्या कामात नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत होते. सॉफ्टवेअरमध्ये आयसीपी नावाची पद्धत असते. १९९२ मध्ये बेस्ल आणि मॅके यांनी मांडलेल्या या पद्धतीत दोन पॉइंट क्लाउड एकमेकांवर सरकवत, फिरवत त्यांच्यातील अंतर कमीत कमी केले जाते. एकाच दिवशी घेतलेले स्कॅन जोडण्यासाठी ती उपयुक्त आहे. पण गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा स्कॅन संपूर्ण इमारतीवर आयसीपी चालवून जुळवला, तर ज्या हालचालीचा शोध घ्यायचा तीच हालचाल ही पद्धत पुसून टाकते. समजा, इमारत आकार न बदलता एका बाजूला ३० मिलिमीटर कलली आहे. आयसीपी दुसरा क्लाउड उलट्या दिशेने तेवढाच फिरवून पहिल्यावर तंतोतंत बसवेल आणि तुलनेच्या चित्रात सर्वत्र शून्य फरक दिसेल. धोका वाढलेला असताना इमारत ठीक असल्याचा अहवाल यातून तयार होतो. म्हणून दोन वेगवेगळ्या काळांतील स्कॅन जुळवताना फक्त बाहेरच्या स्थिर संदर्भबिंदूंचाच आधार घ्यावा.

सॉफ्टवेअरच्या अहवालातील सरासरी चूक पाहून समाधान मानू नये. सरासरी २ मिलिमीटर असली तरी एखाद्या टार्गेटवर ९ मिलिमीटरची चूक दडलेली असू शकते. प्रत्येक टार्गेटची चूक स्वतंत्रपणे पाहावी, आणि काही टार्गेट जुळवणीत न वापरता फक्त पडताळणीसाठी राखून ठेवावीत. त्यांच्यावर निघणारी चूक हीच खरी चूक होय.

मापे काढणे

जुळवणीनंतर माणसे, सामान, आरशातली प्रतिबिंबे आणि कडेचे तरंगते बिंदू काढून टाकावेत. पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत करणारी साधने मात्र वापरू नयेत; ती फुगवटेही पुसतात.

कॉलमचा कल पाहण्यासाठी क्लाउडचे आडवे पातळ काप घ्यावेत. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर एक आणि छतापासून अर्ध्या मीटर खाली एक असे सेंटीमीटरभर जाडीचे काप घेऊन प्रत्येकात कॉलमचा मध्य काढला की दोन मध्यांमधील सरकणे मिळते. एका कापात शेकडो बिंदू असल्यामुळे एकेका बिंदूची चूक सरासरीत बरीच विरते. जुळवणीची चूक मात्र तशीच राहते. स्लॅबसाठी आधारांच्या रेषा जोडणारे प्रतल काढून त्यापासून प्रत्येक बिंदूचे अंतर रंगांत दाखवावे. येथे तुलनेसाठी एक आकडा हाताशी असावा: आयएस ४५६ (भारतीय) आणि युरोकोड २ (युरोपीय) या काँक्रीट बांधकामाच्या दोन्ही मानकांत अंतिम बाकाची सर्वसाधारण मर्यादा गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) लांबीच्या २५० व्या भागाएवढी आहे, म्हणजे ५ मीटर गाळ्यासाठी २० मिलिमीटर. ती ओलांडली म्हणजे स्लॅब कोसळणार असे नव्हे; ती वापरयोग्यतेची मर्यादा आहे आणि मूळ शटरिंगच खाली बसले असेल तरीही ती ओलांडली जाऊ शकते. पण अशा स्लॅबची पुढची तपासणी टाळता येणार नाही, एवढे नक्की.

भिंतीच्या फुगवट्याचे उदाहरण जरा जवळून पाहू. विटांच्या बाहेरच्या भिंतीवर रंगचित्रात दोन मीटर रुंदीचा पट्टा १८ मिलिमीटरने बाहेर आलेला दिसतो. घाईने निष्कर्ष काढायचा तर भिंत ढळली असे लिहून मोकळे होता येईल. त्याऐवजी त्याच भिंतीची आतली बाजूही स्कॅन केलेली असेल तर दोन्ही पृष्ठभागांमधले अंतर, म्हणजे भिंतीची जाडी, जागोजागी काढता येते. आतली बाजू सरळ असून जाडी १८ मिलिमीटरने वाढलेली असेल, तर बहुधा गिलावा विटांपासून सुटला आहे, किंवा भिंतीचा बाहेरचा थर आतल्या थरापासून अलग होत आहे. लाकडी हातोडीने ठोकून पाहावे आणि लहानसा भाग उघडून खात्री करावी. जाडी सगळीकडे सारखी असून आतली बाजूही तितकीच खोलगट झालेली असेल, तर अख्खी भिंत बाहेर सरकली आहे आणि स्लॅबशी असलेला तिचा जोड तुटला आहे का हे ताबडतोब पाहावे लागते. एकच फुगवटा, पण उपाय आणि निकड पूर्णपणे वेगळी. भिंतीच्या दोन्ही बाजू स्कॅन करण्याचे कष्ट यासाठी घ्यावेत.

दोन काळांतील क्लाउडची तुलना करताना जवळच्या बिंदूपर्यंतचे सरळ अंतर काढण्याऐवजी एम३सी२ ही पद्धत वापरावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत पृष्ठभागाच्या लंब दिशेने फरक काढते आणि तो फरक चुकीच्या मर्यादेपेक्षा मोठा आहे का हेही सांगते. मुक्त स्रोत असलेल्या क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये ती उपलब्ध आहे. मर्यादेचा हिशेब स्वतःही करून पाहावा. दोन्ही फेऱ्यांत प्रत्येकी २ मिलिमीटरची अनिश्चितता धरली तर दोन्ही मिळून सुमारे २.८ मिलिमीटर होते. ९५ टक्के विश्वासासाठी तिला १.९६ ने गुणले की सुमारे ५.५ मिलिमीटर, आणि त्यात जुळवणीची २ मिलिमीटर चूक मिळवली की साडेसात मिलिमीटर. याहून लहान फरक दिसला तर हालचाल आढळली असे लिहू नये. हालचाल नाही असेही लिहू नये. या पद्धतीने साडेसात मिलिमीटरपेक्षा अधिक हालचाल आढळली नाही, हे एवढेच प्रामाणिक विधान आहे.

स्कॅनला जे दिसत नाही

गंजलेली सळई काँक्रीट फोडून बाहेर येईपर्यंत स्कॅनला तिचा पत्ता नसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो आणि त्या दाबाने आवरण फुटते. म्हणजे आकार बदललेला दिसतो तोवर नुकसान बरेच पुढे गेलेले असते. त्यामुळे स्कॅनने दाखवलेल्या संशयाच्या जागी इतर चाचण्या कराव्याच लागतात: काँक्रीटच्या एकसंधतेसाठी अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, पृष्ठभागाच्या कठीणपणासाठी रिबाउंड हॅमर, कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होणे) किती खोल गेले हे पाहण्यासाठी फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे रसायन, गंजाची शक्यता जोखण्यासाठी हाफ-सेल पोटेन्शियल आणि ताकदीसाठी कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोलाकार नमुना). कोठे कोअर घ्यावा हे अंदाजाने ठरवण्याऐवजी आकाराच्या नकाशावरून ठरवता येते, हा स्कॅनिंगचा मोठा फायदा आहे. सरळ दिसणारे कॉलमही चाचण्यांतून वगळू नयेत, कारण काँक्रीट आतून कमकुवत झालेला कॉलम शेवटपर्यंत ओळंब्यात उभा असू शकतो.

अहवाल, जतन आणि पुढची फेरी

अहवालात प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहावी आणि सर्व चित्रांना रंगांची एकच पट्टी वापरावी. बहुतेक सॉफ्टवेअर सर्वांत मोठ्या फरकाला आपोआप लाल रंग देते, मग तो फरक ४ मिलिमीटरचा का असेना. रहिवासी मात्र लाल म्हणजे धोका असेच वाचतात आणि घाबरतात. उलट एका चित्रात पट्टी ताणली गेली तर गंभीर फुगवटाही हिरवा दिसू शकतो. इमारत राहण्यायोग्य आहे की नाही हा निर्णय स्कॅन करणाऱ्याने देऊ नये. मापे, चित्रे आणि मर्यादा संरचना अभियंत्याकडे सोपवाव्यात आणि त्याच्यासोबत प्रत्यक्ष जागेवर फिरून प्रत्येक संशयाची जागा दाखवावी.

मूळ स्कॅन कधीही पुसू नयेत. यंत्राच्या स्वतःच्या स्वरूपातील फाइल आणि त्यासोबत ई५७ या खुल्या स्वरूपातील प्रत, अशा दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कोणता स्कॅन केव्हा मोलाचा ठरेल हे आधी सांगता येत नाही: पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचे कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी केलेले लेझर स्कॅन १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर पुनर्बांधणीच्या कामी आले.

पहिल्या स्कॅननंतरच्या वर्षात दर तीन महिन्यांनी एक अशा फेऱ्या केल्या तर ऋतूंमुळे होणारी नेहमीची हालचाल कळते आणि पुढे तिला गृहीत धरता येते. त्यानंतर स्थिर इमारतीसाठी वर्षातून एक फेरी बहुधा पुरते. भूकंप, आग, पूर किंवा शेजारचे खोदकाम झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. प्रत्येक फेरीच्या शेवटी संदर्भबिंदूंची छायाचित्रे, जवळच्या तीन ठळक खुणांपासूनची टेपने मोजलेली अंतरे आणि सहनिर्देशकांची यादी अहवालाला जोडावी, आणि रंगकाम किंवा फरशीकाम करणाऱ्यांनी खिळे काढू नयेत म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनाला त्या जागा दाखवून तसे लेखी कळवावे.